घरी बांधलेल्या नावेच्या पोटात वारा खेळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गंगापूर धरणाच्या काठी राहणाऱ्या दोन भावांनी घरच्या पडवीत चौदा फुटांची लाकडी शिडाची नाव बांधल्याची बातमी आपण गेल्या रविवारी फोटोसह छापलीत, त्याबद्दल आधी आभार मानतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातला दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला वल्हवून आला, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या हाताने नाव बांधणारी ही मुलंही तेवढ्याच कौतुकाची आहेत.

पण बातमीच्या शेवटी त्यांना मिळालेले दोन सल्ले वाचून मला स्वस्थ बसवेना. डोलकाठीच्या बुडाशी चीर गेली आहे, म्हणून नावेला आतून-बाहेरून फायबर, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या कापडाचा थर, मारून घ्यायचं, आणि पावसाळाभर ती प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवायची. हे दोन्ही त्यांनी केलं, तर नाव बाहेरून चकचकीत दिसेल आणि आतून कुजत जाईल. माझी सगळी नोकरी अंबडच्या फाउंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, बनवण्यात गेली. लाकूड पाणी कसं घेतं आणि कसं सोडतं, हे बघण्यातच माझं आयुष्य गेलं, म्हणून हे पत्र.

लाकूड पाण्यामुळे कुजत नाही, बुरशीमुळे कुजतं. ही बुरशी वाढायला लाकडात साधारण वीस टक्क्यांहून जास्त ओल लागते. आता नाशिकची हवा बघा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकडातली ओल सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरते. श्रावणात आर्द्रता पंच्याऐंशी टक्क्यांवर गेली, तरी मोकळ्या हवेतलं लाकूड अठराच्या आसपास थांबतं. म्हणजे नुसतं छप्पर आणि वाहती हवा मिळाली, तर आपल्या भर पावसाळ्यातही नाव सुरक्षित आहे. पण त्याच नावेच्या बंद कप्प्यात वाटीभर पाणी राहिलं, तर आतली हवा शंभर टक्के दमट होते आणि लाकूड तीस टक्क्यांच्या जवळ जातं. दिवसा ऊन लागलं की त्या पाण्याची वाफ होते, रात्री ती डेकच्या खालच्या बाजूला थेंब होऊन चिकटते. धरणाचं पाणी ज्या फळीला कधी लागलंच नाही, ती सगळ्यात आधी जाते ती अशी. जुन्या नाशकातल्या वाड्यांतही हेच दिसतं. तुळई मधे ठणठणीत असते आणि भिंतीत बुजलेलं टोक भुसा झालेलं असतं.

शिवाय धरणाचं पाणी गोडं. समुद्रावरच्या होडीला मिठाचं थोडंफार संरक्षण मिळतं, आपल्याला तेही नाही.

आता मजबुतीचं. चीर डोलकाठीच्या बुडाशी गेली, यात नवल नाही. वारा शिडाला ढकलतो, नाव आडवी होऊ नये म्हणून माणसं वाऱ्याच्या बाजूला बसतात, त्या बाजूचा तणावा, म्हणजे डोलकाठीला ताणून धरणारा दोर, वर खेचला जातो आणि डोलकाठी तेवढ्याच जोराने खाली दाबते. हा सगळा जोर वीतभर जागेवर येतो. तिथे सगळी नाव जाड करून काय होणार? फक्त वजन वाढेल. जोर पसरवायला हवा. डोलकाठीखालचा ठोकळा लांब घ्यावा, तो निदान दोन आडव्या बरगड्यांवर टेकावा आणि त्याची दोन्ही टोकं उतरती तासावीत. सरळ कापलेलं टोक ठेवलं, तर पुढची चीर नेमकी त्या टोकाच्या रेषेवर जाते. ठोकळ्याचे रेषे नाळेपासून, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकापासून, मागे, लांबीत धावले पाहिजेत. तणावे जिथे बांधले आहेत तिथे, खालून-वर सरकणाऱ्या मधल्या पात्याच्या खोक्याचा तळाशी जोड आहे तिथे आणि सुकाणूच्या बिजागऱ्यांमागे अशीच आतून पट्टी द्यावी. बाकी नावेला हात लावू नये.

कोपऱ्यातल्या आधारांसाठी बाभूळ शोधावी. बैलगाडीच्या चाकाला आपल्याकडे बाभूळ का वापरत आले, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कोकणातले होडी बांधणारे बरगड्यांसाठी मुद्दाम वाकडी वाढलेली फांदी निवडतात, कारण तिचे रेषे वळणाबरोबर वळतात. सरळ फळीतून करवतीने काढलेला कोपरा मात्र आडव्या रेषेवर तुटतो. सिन्नर, येवल्याच्या बांधांवर अशी बाभूळ मिळेल. फक्त ती पुरती वाळलेली हवी.

फायबर मारायचंच असेल, तर आधी कोणतं ते विचारा. पत्र्याच्या शेडमध्ये टाक्या-खुर्च्यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही. कालांतराने पापुद्रा सुटतो आणि त्याच्या मागे पाणी साठतं. लाकडाला इपॉक्सी हे दुसरं, घट्ट धरणारं रेझिन लागतं. सागावर लावायचा असेल, तर सागातलं तेल आधी अ‍ॅसिटोनने पुसून काढावं. सगळीकडून इपॉक्सी बसला तर लाकूड कोरडं राहतं हे खरं, पण मग स्क्रूचं एकही भोक उघडं राहता कामा नये. भोक मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, तो कडक झाला की त्यातच बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. प्लायवूड आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाण्यातल्या कामासाठीच्या भारतीय मानकाचं असेल, तर बहात्तर तास उकळूनही त्याचा गोंद सुटत नाही. तरीही कापलेली धार पाणी पितेच, म्हणून धारेला दोनतीन हात द्या. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. वरून रंग हवाच, आणि तो पांढरा किंवा फिका, कारण मे महिन्यातल्या उन्हात गडद रंग एवढा तापतो की खालचा इपॉक्सी मऊ पडू लागतो. एक विनंती आहे. थिनरचे ब्रश धरणाच्या काठावर धुऊ नका. तेच पाणी आपल्या नळाला येतं.

वाऱ्याची सोय याहून सोपी आणि स्वस्त आहे. प्रत्येक बरगडीला कण्याजवळ, अगदी खालच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक असावं, म्हणजे पाणी कुठेही न अडता मागच्या बुचापर्यंत येईल. भोकाच्या आतूनही इपॉक्सी लावा. तरंगण्यासाठीचे बंद कप्पे पाण्यात असताना हवाबंदच हवेत, पण काठावर आल्यावर ते उघडता आले पाहिजेत. एका कप्प्याला एक झाकण पुरत नाही. हवा आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी, एक खाली, एक वर. आट्यांची गोल झाकणं मिळतात, ती दोरीने नावेलाच बांधून ठेवा, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक झाकण हाताने फिरवून तपासा. यात जिवाचा प्रश्न आहे. कप्प्यात थर्माकोल ठासला असेल, तर तो आजच काढा. तो ओल लाकडाला लावून धरतो आणि आत काय चाललंय ते दिसूही देत नाही. फोटोत नावेला पुढे लहानशी केबिन दिसते. तिच्यासाठी १९३० साली अमेरिकेत बांधलेल्या ‘डोराड’ या यॉटवरची युक्ती करता येईल. डेकवर पेटी, पेटीत पुढून हवेचं तोंड, आणि केबिनमध्ये उतरणारी नळी थोडी बाजूला, पेटीच्या तळापेक्षा उंच. पाणी पेटीच्या भोकांतून वाहून जातं, हवा तेवढी आत येते.

राहिला पावसाळा. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून शाकारून ठेवतात, त्या नारळाच्या विणलेल्या झापांनी. झाप पाऊस अडवतं, वारा अडवत नाही. आपल्याकडे झापं नाहीत, ताडपत्री चालेल, पण ती नावेला चिकटवून बांधू नये. नाव ठोकळ्यांवर हात-दीड हात उंच उपडी करा, वर बांबूचा आडवा दांडा, त्यावर ताडपत्री, आणि दोन्ही टोकं उघडी. बूच काढलेलं, सगळी झाकणं उघडी. महिन्यातून एकदा पेचकसाचं टोक कप्प्यांच्या कोपऱ्यांत दाबून पाहा. टोक सहज रुतलं, तर तेवढा भाग लगेच कापून काढून नवं लाकूड बसवायचं.

माझ्याकडे बाभळीची वळणातली, नीट वाळलेली काही लाकडं अजून आहेत. त्या भावांना हवी असतील, तर आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा आणि डोलकाठीच्या बुडाचा कोन पुठ्ठ्यावर कापून सोबत आणावा. लाकूड आपण माझ्याच बाकावर तासू.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
सिडको, नाशिक