पुरवणीतली एक वाटी आणि गंजातलं तेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी दिवसभराच्या जेवणाचा तक्ता आला होता. सकाळी एक वाटी पोहे, दुपारी दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, अर्धी वाटी भात, आणि प्रत्येकापुढे कॅलरीचा आकडा. आकडे इतके नेमके की तक्ता करणाऱ्या ताई जणू आमच्या ओट्याशीच उभ्या होत्या. मी नागपूरच्या नंदनवन भागात मेस चालवते. जेवणारी पोरं बहुतेक बाहेरगावची, कोणी इंजिनिअरिंगचं, कोणी स्पर्धा परीक्षेचं. त्यातली बरीचशी आता जिमला जातात, आणि महिन्याच्या पैशांपेक्षा ताटातल्या कॅलरीवरच माझ्याशी जास्त बोलतात. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

आधी वाटीचंच घ्या. माझ्या मेसमधल्या वरणाच्या वाटीत 150 मिली पाणी मावतं, रस्साभाजीच्या वाटीत 200. घरी देवाजवळ चांदीची एक वाटी आहे, तिच्यात जेमतेम 90. ती घेऊन आपला तक्ता पाळला तर माणूस महिन्याभरात वाळून जाईल. पोळीची गतही तीच. एक किलो कोरड्या कणकेच्या मी तीस पोळ्या करते, म्हणजे पोळीला 33 ग्रॅम कणीक. आमच्या शेजारच्या काकू तेवढ्याच कणकेत वीस करतात, भल्यामोठ्या, घडीच्या. कणकेच्या 100 ग्रॅमला साधारण 330 कॅलरी धरल्या तर माझ्या दोन पोळ्यांच्या 220 आणि काकूंच्या दोन पोळ्यांच्या 330. वर लावलेलं तेल-तूप वेगळंच. तक्त्यात मात्र दोन्हीकडे 'दोन पोळ्या'.

यावर पोरांनी उपाय काढला तो काट्याचा. एक जण खिशाएवढा डिजिटल काटा घेऊन पंगतीला बसतो, वाटी ठेवून शून्य करतो, मग भाजी घेतो, आकडा मोबाइलमध्ये टाकतो. मला त्याचं कौतुकच वाटतं, पण त्यातली गोम त्याला एक दिवस गंजाशी, म्हणजे रस्सा शिजतो त्या मोठ्या भांड्याशी, नेऊनच दाखवावी लागली. त्या दिवशी चण्याची तर्री होती. तर्री म्हणजे काय हे नागपूरकरांना सांगायला नको. मसाला तेलात परतून परतून तेल सुटलं की मग पाणी, आणि उकळी बसली की लाल तेलाचा थर वर येऊन थांबतो. त्या थरासकट वरून एक वाटी काढली. मग डाव खाली बुडवून तळातून दुसरी काढली. काट्यावर दोन्ही वाट्या जवळपास सारख्या, आणि मोबाइललाही त्या सारख्याच. प्रत्यक्षात वरच्या वाटीत दोन मोठे चमचे तेल सहज असेल, खालच्या वाटीत नावापुरतं. मोठा चमचा म्हणजे 15 मिली, तेल हलकं असल्यामुळे वजनाला साडेतेरा-चौदा ग्रॅम, आणि ग्रॅमला 9 कॅलरी. दोन चमच्यांचा हिशेब अडीचशेवर गेला. पोरगं जरा वेळ वाटीकडेच बघत राहिलं. मग म्हणालं, "काकू, मला खालचं वाढा."

सांगायचं ते एवढंच की शिजलेलं अन्न ताटात तोलून फार काही हाती लागत नाही. तोलायचं ते गंजात पडण्याआधी. शिजताना पाणी आत जातं, बाहेर येतं, त्याने वजन बदलतं, कॅलरी बदलत नाहीत. मी एक किलो तुरीच्या डाळीचं वरण पंचवीस जणांना करते. डोईला 40 ग्रॅम डाळ, म्हणजे 135 कॅलरींच्या आसपास. पाहुणे वाढले आणि मी तांब्याभर पाणी घातलं तर वाट्या जास्त होतील, प्रत्येक वाटीतली डाळ कमी होईल, पण गंजातली डाळ एक किलोच्या वर जाणार नाही. काय किती घातलं ते मला माहीत असतं, कारण मेसवालीला ते माहीत नसेल तर महिनाअखेर तिचं दिवाळं निघतं. घरच्या बाईलाही हे जमतं. डाळ, तांदूळ, कणीक, तेल एवढं कच्चं असताना तोलायचं, कागदावर लिहायचं, आणि शिजल्यावर सारखे वाटे करायचे. चार वाटे केले की भागिले चार. ज्याला पोटाला जास्त लागतं त्याचे दीड वाटे.

भाताचा घोळ तर सगळ्यात मोठा. कच्च्या तांदळाच्या 100 ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, शिजलेल्या भाताच्या 100 ग्रॅमला 130 च्या आसपास, कारण एक किलो तांदळाचा अडीच ते तीन किलो भात होतो. तांदूळ जुना असला तर पाणी आणखी पितो. माझ्याकडचा एक मुलगा 200 ग्रॅम भात तोलून घ्यायचा आणि मोबाइलमध्ये कच्च्या तांदळाची ओळ निवडायचा. तिथे 700 दिसायचं, खरे होते 260. बिचारा कित्येक दिवस भातापाठोपाठ पोळीही अर्धी टाकून उठत होता. मला वाटलं माझ्या हाताची चव गेली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 2000 कॅलरींच्या दिवसाचं ताट दिलं आहे. धान्य 250 ग्रॅम, डाळी 85, भाज्या 400, फळं 100, दाणे आणि तेलबिया 35, दूध-दही 300 मिली, तेल-तूप 27 ग्रॅम. सगळं ग्रॅमात, आणि कच्च्याचं वजन. देशातली सगळ्यात मोठी संस्था अशी भाषा बोलते, मग आपली पुरवणी वाटीवर का अडून बसते?

त्या 27 ग्रॅमचं बघा. माझी फोडणीची पळी 30 मिलीची आहे. एक पळी तेल म्हणजे 27 ग्रॅम, एका माणसाचा दिवसभराचा कोटा. घरात चार माणसांच्या भाजीला सकाळी दोन पळ्या गेल्या तरी फार वाटत नाही. पण मग संध्याकाळची फोडणी, पोळीवरचं तूप आणि मध्येच तळलेली सांभारवडी (कोथिंबिरीची) यांना जागा किती उरली, ते ज्याचं त्याने बघावं. तेलासाठी तर काटाही लागत नाही. पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाकायची. लिटरच्या पिशवीत 910 ग्रॅम तेल असतं. चार माणसांत ती आठ दिवस पुरली तर डोईला रोजचे 28 ग्रॅम पडतात. सहाच दिवसांत संपली तर 38. (किलो आणि लिटर यात गल्लत नको. आम्ही तेलाचा डबा घेतो तेव्हा 15 किलोचा की 15 लिटरचा हे आधी विचारतो. दोन्हींत तब्बल सव्वा किलोवर फरक पडतो आणि दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.)

ज्यांना काटा घ्यायचाच आहे त्यांनी ग्रॅम-ग्रॅमने सरकणारा घ्यावा. माझा मेसचा मोठा काटा पाच-पाच ग्रॅमने उडी मारतो. धान्याला तो ठीक आहे, पोळीवरच्या तुपाला नाही. घरच्या काट्यावर दहा रुपयांची दहा नाणी ठेवून बघा, 77 ग्रॅम दाखवले पाहिजेत. आणखी एक खोड लक्षात ठेवा. कढई काट्यावर ठेवून शून्य केलं आणि तेलाची बारीक धार धरली तर स्वस्त काटे ती धार बऱ्याचदा मोजतच नाहीत, हळूहळू वाढणारं वजन शून्यातच गिळून टाकतात. त्यापेक्षा तेलाची बाटलीच काट्यावर ठेवा, शून्य करा, बाटली उचलून हवं तेवढं तेल ओता आणि परत ठेवा. समोर उणे जो आकडा येईल तेवढं तेल गेलं. तुपाच्या बरणीला आणि गुळाच्या डब्यालाही हीच युक्ती चालते.

सगळंच तोलत बसा असं मात्र मी कोणाला म्हणत नाही. काकडी, पालक, टमाटर यांचा अंदाज शंभर ग्रॅमने चुकला तरी वीस-पंचवीस कॅलरींच्या वर फरक पडत नाही. ते खुशाल डोळ्याने घ्या. फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची) मूठ मात्र एकाची 25 ग्रॅमची, दुसऱ्याची 45 ची, आणि तेवढ्यात शंभरावर कॅलरींचा फरक. पोह्यावर टाकतात ती शेव, चिवडा, साखर, सुकं खोबरं, तीळ हे सगळं त्याच जातीतलं. थोडक्यात मावतं आणि भारी पडतं, म्हणून काटा यांच्यासाठी ठेवावा. आणि महिनाभर तोललं की डोळा बसतोच. माझी पोळ्या करणारी बाई काट्याशिवाय गोळा तोडते. मी अधूनमधून तोलून बघते, दोन-तीन ग्रॅमच्या बाहेर जात नाही. तिचा अंदाज तिला उगाच आला नाही. रोज तेवढ्याच कणकेच्या तेवढ्याच पोळ्या निघाल्या पाहिजेत, या धाकाने तो आला आहे.

"आपल्या आज्या काय मोजून खायच्या?" असं आमच्या शेजारच्या काकू मला ऐकवतात. माझी आजी तरी मोजायची. कोठीतून तांदूळ निघायचे ते चिपट्याने आणि मापट्यानेच, म्हणजे धान्याच्या जुन्या मापांनी. माणसं किती, त्यावर चिपटी ठरलेली, आणि किल्ली तिच्या कनवटीला. ताटात कोणाला किती वाढलं याचा हिशेब तिने कधी ठेवला नाही, कारण कोठीतून किती निघालं ते तिला पक्कं ठाऊक असायचं. पायलीचं मोठं माप गावागणिक लहानमोठं असेल, पण एका घरात तीच पायली पिढ्यान्पिढ्या चालली.

एका बाबतीत मात्र मी काट्याच्या विरोधात आहे. जवळच्या होस्टेलची एक मुलगी केळंसुद्धा तोलायची आणि मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक तोलता येणार नाही म्हणून गेलीच नाही. अशांनी काटा माळ्यावर टाकावा आणि डॉक्टरांशी बोलावं. इन्सुलिन घेणाऱ्यांना भात-पोळीचा हिशेब नीट ठेवावा लागतो, त्यांचं गणित वेगळं. तेही डॉक्टरांनाच विचारून.

तेव्हा संपादक महोदय, मागणी साधी आहे. पुरवणीत तक्ता छापाल तेव्हा वाटी किती मिलीची ते लिहा. पोळीपुढे कणकेचे ग्रॅम लिहा, भातापुढे कच्चा की शिजलेला ते लिहा. पाककृती देताना 'फोडणीपुरतं तेल' आणि 'आवश्यकतेनुसार तूप' हे बंद करा. किती तेल आणि किती जणांना, दोन आकड्यांनी काम भागतं. पुढच्या रविवारी वडाभाताची कृती येणार आहे, असं आपणच छापलं आहे. त्यात वडे तळताना कढईत किती तेल घातलं आणि तळून किती उरलं, हे लिहिलं तर उत्तम. नसेल जमत तर निदान भातावर वरून घ्यायचं फोडणीचं तेल डोईला किती चमचे, एवढं तरी लिहाच. आमच्याकडे पंगतीत ते वाटीने फिरतं, आणि नको म्हणणारा मी अजून पाहिला नाही.

आपली वाचक,
मेसवाली काकू, नंदनवन, नागपूर