नीलूस पत्र: ॲनच्या सुट्या कागदांबद्दल

पुणे, रविवार

प्रिय नीलू,

आठवीच्या मुलींना ॲन फ्रँकची डायरी वाचून दाखवणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. पण ‘कोवळ्या पोरीने मनात आलं ते लिहून ठेवलं’ असं त्यांना सांगणार असशील, तर थांब गं जरा. माझं भांडण तिथेच आहे.

२८ मार्च १९४४ ला अॅमस्टरडॅममध्ये नाझींपासून लपलेल्या, ॲन धरून आठ ज्यूंनी लंडनहून येणारं डच प्रक्षेपण ऐकलं. बोल्केस्टाइन नावाचे मंत्री म्हणाले, युद्ध संपलं की लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा करायची. सगळ्यांना लगेच ॲनची डायरी आठवली आणि तिच्या डोक्यात पुस्तक शिरलं. २० मेपासून तिने सगळं नव्याने लिहायला घेतलं. सुट्या कागदांवर, दोनशेहून जास्त पानं, तेही अडीच महिन्यांत! शिवाय रोजची डायरी चालूच. नाव ठरवलं ‘मागचं घर’, माणसांना टोपणनावं दिली, कंटाळवाणं वाटलं ते काढलं, पीटरवरच्या प्रेमातलंही बरंच गाळलं. पंधरा वर्षांची मुलगी स्वतःचंच प्रेम खोडते, म्हणजे बघ!

आईबद्दल तर तिने फार जहाल लिहिलं होतं. २ जानेवारी १९४४ च्या नोंदीत ती जुनी पानं चाळते आणि हादरते, हे इतक्या रागाने मी लिहिलं? मुलींना बाकी काही नाही तरी ही नोंद वाचून दाखवच. त्या वयात आपण आयांना काय काय बोललो ते आठव.

आणि ते टेबलाचं भांडण! तिची खोली दंतवैद्य फेफर यांच्यासोबत वाटलेली, टेबल एकच. आठवड्यातून दोन दुपारी, चार ते साडेपाच, एवढंच तिने मागितलं. ते म्हणाले, माझा अभ्यास महत्त्वाचा, तुझं काय काम? शेवटी वडिलांनी मध्ये पडून ते मिळवून दिलं. डायरीत तिने त्या माणसाची पार रेवडी उडवली आहे. मला आता त्यांचीही कणव येते. पन्नाशी उलटलेली, जिच्यावर जीव ती बाई त्याच शहरात, पण भेटायची सोय नाही. १९४४ च्या डिसेंबरात ते नॉयनगामं छावणीत वारले.

पुनर्लेखन मार्च १९४४ च्या अखेरच्या नोंदींपर्यंत पोचलं. ४ ऑगस्टला लपण्याच्या जागेवर धाड पडली, आठही जण पकडले गेले. त्यांना मदत करणाऱ्या मीप गीस यांनी ॲनचे कागद गोळा करून न वाचताच टेबलाच्या खणात ठेवले. वाचून पाहिले असते तर मदतनीसांची नावं बघून जाळून टाकावे लागले असते, असं त्या नंतर म्हणाल्या. ॲन आणि तिची बहीण, दोघीही बर्गेन-बेल्झेन छावणीत वारल्याचं कळल्यावर मीपनी ते ॲनच्या वडिलांना, ऑटो फ्रँकना दिले. ऑटोंनी दोन्ही खर्डे जोडून, काही वगळून १९४७ मध्ये पुस्तक काढलं. म्हणजे आपण वाचतो ती प्रत ना पूर्ण पहिली, ना पूर्ण तिची दुसरी.

वर्गात एक करशील? मुलींना स्वतःचं जुनं एक पान पुन्हा लिहायला सांग. रडारड होईल, होऊ दे. कोण काय गाळतं ते मला सविस्तर कळव. काकूंना नमस्कार.

तुझी,
मंजू