आई, मुग्धाला एकदा फोन कर

पुणे, १४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आपल्या ईशानचा ऑटिझम कशामुळे, हे सगळं फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा आई रडायला लागली, दुसऱ्यांदा बाबा "बरं, बघू" म्हणाले आणि विषय संपला. म्हणून लिहायला बसलो. ईशान झोपलाय, मुग्धाही आज लवकर आडवी झाली.

दिवाळीत चकल्या करताना आई मुग्धाला म्हणाली, "सहा महिन्यांचं पोर ठेवून बँकेत गेलीस. आई जवळ नसली की मूल आपल्यातच रमायला शिकतं." मुग्धाने सोऱ्या खाली ठेवला, हात धुतले आणि ईशानला घेऊन गच्चीवर गेली. मी दारातच उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही. ती माझी चूक झाली. पुण्याला आल्यापासून ती रात्री फोनमधले जुने फोटो बघत बसते. बारशाचे, उष्टावणाचे, पहिल्या वाढदिवसाचे. कुठल्या फोटोपर्यंत तो आपल्याकडे बघत होता आणि कुठून बघेनासा झाला, ते शोधत असते. नोकरीला रुजू झालेली तारीख तिच्या डोक्यात पक्की बसली आहे.

आई, तू जे बोललीस ते मोठमोठ्या डॉक्टरांनी तुझ्या आधी बोलून ठेवलं होतं, आणि ते चुकले होते. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी ११ मुलांविषयी एक लेख लिहिला. आज ज्याला आपण ऑटिझम म्हणतो त्याचं ते पहिलं सविस्तर वर्णन मानतात. त्यात त्यांनी नीट लिहिलं होतं की ही गोष्ट मूल जन्मतःच घेऊन येतं. पण त्याच लेखात त्यांनी या मुलांचे आईवडील फार शिकलेले आणि फारसे मायाळू नसलेले वाटतात, अशीही नोंद केली. पुढे हीच नोंद वाढत गेली. जगाने जन्मतःचं वाक्य बाजूला ठेवलं आणि आईचं उचललं. 'रेफ्रिजरेटर मदर' असा शब्दच निघाला, बर्फासारखी थंड आई. शिकागोत ब्रूनो बेटलहाइम नावाचा माणूस अशा मुलांची निवासी शाळा चालवायचा. मूल बरं व्हायचं तर त्याला आईवडिलांपासून तोडलं पाहिजे, असं तो सांगायचा आणि लोक त्याचं ऐकायचे. विचार कर, मूल आधीच बोलत नाही, आणि डॉक्टर सांगतोय की ते तुझ्यामुळे बोलत नाही. किती बायकांनी हे ऐकून घेतलं असेल.

हे मोडून काढलं तेही पालकांनीच. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलातले मानसशास्त्रज्ञ, त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. त्यांनी १९६४ साली सगळा पुरावा गोळा करून दाखवलं की कारण मेंदूच्या घडणीत आहे, संगोपनात नाही. आणि १९६९ साली पालकांच्या एका सभेत खुद्द कॅनर उभे राहिले आणि तुम्हा आईवडिलांना मी दोषमुक्त करतो, अशा अर्थाचं जाहीरपणे बोलले. मी हे वाचलं तेव्हा थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मग मुग्धाला उठवून वाचून दाखवलं.

१९७७ मध्ये इंग्लंडमध्ये जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही ठिकाणी दोघांना नव्हता. एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलेली ही मुलं. आकडा लहान होता, पण रक्ताकडे बोट दाखवणारा हा पहिला मोठा पुरावा. २०१९ साली डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्राएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या २० लाख मुलांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा ऑटिझममधला अनुवंशाचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला. त्यात त्यांनी आईचा असा वेगळा काही परिणाम दिसतो का, हेही मुद्दाम पाहिलं होतं. तो जवळजवळ नव्हताच. आई, एवढी एक ओळ तू दोनदा वाच.

अनुवंश म्हणजे एखादा बिघडलेला जनुक आणि तो कुणाच्या तरी घराण्यातून आला, असा हिशेब नाही. शेकडो जनुकं आहेत, बहुतेकांचा वाटा अगदी बारीक. काही दोन्हीकडून येतात, काही बदल मुलातच पहिल्यांदा घडतात. आणि असे नवे बदल बापाच्या वयाबरोबर वाढतात. २०१२ साली आइसलंडच्या कुटुंबांवरच्या अभ्यासात दिसलं की बापाचं वय एका वर्षाने वाढलं की मुलात साधारण दोन नवे बदल जास्त सापडतात. ईशान झाला तेव्हा मी ३६ वर्षांचा होतो. उशिरा लग्न मी केलं, स्थिरस्थावर झाल्याशिवाय नको म्हणून मीच अडून बसलो. बहुतेक बदलांनी काही होत नाही आणि माझ्या वयाच्या बापांची बहुसंख्य मुलं ऑटिस्टिक नसतात, तेव्हा मी स्वतःला फाशी देत नाहीये. पण वाटेकरी शोधायचाच असेल तर मुग्धाच्या आधी माझं नाव घ्या.

बाबा, आता तुमच्याविषयी. रागावू नका. रेल्वेतून रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी मिरजेवरून जाणारी प्रत्येक गाडी तुम्हाला वेळेसकट पाठ आहे. लग्नकार्यात तुम्ही पंगतीला कधीच बसत नाही, मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसता. तुमचा पाण्याचा पेला कुणी बदलला तर तुम्ही पाणीच पीत नाही. मीही ऑफिसातल्या पार्टीतून अर्ध्या तासात निघतो. हा आजार नाही आणि मी तुम्हाला कुठलं लेबल लावत नाही. एवढंच म्हणतो की अशा गोष्टी एखाद्या घरात थोड्याथोड्या पसरलेल्या असतात आणि एखाद्या लेकरात दाट होऊन येतात.

तुम्ही पाठवलेल्या मेसेजमधला, ३१ मुलांमागे एकाला ऑटिझम, हा आकडा खरा आहे. तो अमेरिकेच्या सरकारी अहवालातला, २०२२ मधल्या आठ वर्षांच्या मुलांचा. २००० साली तिथेच १५० मागे एक होता. बावीस वर्षांत जवळजवळ पाचपट, म्हणजे हवेत-पाण्यात काहीतरी मिसळलंय असं कुणालाही वाटेल. पण त्याच अहवालात टेक्सासमधल्या लारेडोचा आकडा हजारी दहाच्याही आत आहे आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्राचा हजारी ५३. एकच देश, एकच वर्ष. कॅलिफोर्नियाच्या त्या भागात बालरोगतज्ज्ञांना लहान वयातच लक्षणं ओळखायचं प्रशिक्षण दिलेलं आहे. जिथे बघणारे जास्त, तिथे सापडणारी मुलं जास्त.

दुसरं म्हणजे व्याख्या रुंदावत गेली. कॅनरच्या व्याख्येत फारच थोडी मुलं बसत. १९७९ साली लंडनच्या लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी कॅम्बरवेल भागातली मुलं तपासली आणि दाखवलं की पूर्ण चित्र नसलं तरी तशाच अडचणी असलेली मुलं कितीतरी आहेत. विंगबाई मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. 'स्पेक्ट्रम' हा शब्द रुजला तो त्यांच्यामुळे. १९९४ मध्ये बोलणारी, हुशार, पण माणसांत अडखळणारी मुलं अ‍ॅस्पर्जर या नावाने यादीत आली आणि २०१३ मध्ये सगळ्यांना एकाच नावाखाली घेतलं. डेन्मार्कमध्ये कुणीतरी हा हिशेब मांडला आहे: १९८० ते १९९१ दरम्यान जन्मलेल्या मुलांतली जी वाढ दिसली, तिच्यातला ६० टक्के भाग नवे निकष आणि बाह्यरुग्ण विभागातल्या नोंदीही धरायला लागणं, या दोन कारणांनीच आला होता.

आई, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तू एकतीस वर्षं शाळेत शिकवलंस. तुझ्या चौथीच्या वर्गातला तो मुलगा आठवतो ना, जो रोज खिडकीचे गज मोजायचा आणि घंटा झाली की कान दाबून बाकाखाली बसायचा? तू त्याला घंटेच्या आधी दोन मिनिटं मैदानावर पाठवायचीस, हे तूच मला सांगितलं आहेस. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे काय लिहिलं होतं? 'मतिमंद'. दुसरा शब्द कुणाकडे नव्हताच. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. तो १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला आणि २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत त्याला स्वतःची जागा मिळाली. अमेरिकेतही १९९० नंतर शाळांच्या नोंदीत ऑटिझमचा वेगळा रकाना झाला, आणि पुढच्या वर्षांत तो भरत गेला तसा मतिमंदत्वाचा रकाना कमी होत गेला. तुझा तो मुलगा आज असता तर मोजला गेला असता. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" असं तू म्हणतेस तेव्हा मला तोच आठवतो. तो होता, आणि तू त्याला सांभाळलं होतंस.

सगळी वाढ नुसती मोजण्याची आहे असंही मी म्हणणार नाही. मुलं उशिरा होतात, सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली बाळं आता काचेच्या पेटीत जगतात, आणि दोन्हींमध्ये ऑटिझमची शक्यता थोडी जास्त असते. गरोदरपणी आईला रुबेला झाला किंवा फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट घ्यावं लागलं तरीही. मुग्धाच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

आता तापाची गोळी. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी पॅरासिटामॉलचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या तीन ग्रुपवर तेच. मुग्धाने पाचव्या महिन्यात दोन दिवस ती घेतली होती, ताप १०२ होता. त्या रात्री ती मला पुन्हापुन्हा विचारत होती की आपण नुसत्या पट्ट्या ठेवायला हव्या होत्या का. स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या आहेत. वरवर पाहता किंचित संबंध दिसला, पण एकाच आईच्या दोन मुलांची, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी न घेतलेली, तुलना केली तेव्हा फरक उरला नाही. पोटात बाळ असताना ताप अंगावर काढणं हे गोळीपेक्षा वाईट.

लसीची शंका बाबांना होती. ती १९९८ मध्ये लंडनच्या वेकफील्ड नावाच्या डॉक्टरने फक्त १२ मुलांवर लिहिलेल्या लेखातून निघाली. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं. डेन्मार्कमध्ये ६ लाख ५७ हजार मुलं पाहिली, गोवराची लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नव्हता. गोवराचा दुसरा डोस दीड वर्षाच्या आसपास असतो आणि मूल हाकेला ओ देत नाही हे घरच्यांच्या ध्यानात येतं तेही त्याच सुमाराला. तेवढ्यावर संशय उभा राहिला.

मोबाइलचं मात्र आईचं अर्धं बरोबर आहे. फार स्क्रीन दिली की बोलणं मागे पडतं, आम्ही ती बंद केली, त्याचा फायदाही झाला. पण ऑटिझम मोबाइलने आला नाही. मेंदूची ही घडण पोटातच सुरू झालेली असते.

खरं नुकसान झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. अडीच वर्षांचा असताना दाखवलं तेव्हा एका डॉक्टरांनी "मुलगे उशिराच बोलतात, वाट बघा" सांगितलं आणि आम्ही आठ महिने वाट बघितली. तो बोट दाखवून काही मागत नव्हता, आपण दाखवलेल्या चिमणीकडे बघत नव्हता. याची रक्ततपासणी नसते, मुलाचं वागणं नीट बघूनच निदान होतं. नंतरच्या डॉक्टरबाई दोन तास त्याच्याबरोबर जमिनीवर बसून होत्या. त्या आठ महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं, आणि कुणाला दोष द्यायचाच तर मी वाट बघण्याला देईन.

'स्वमग्न' हा शब्दही मला पटत नाही. ईशान स्वतःत बुडालेला नसतो, तो जगात बुडालेला असतो, फक्त आपण बघत नाही तिथे. मागच्या मंगळवारी स्पीच थेरपीहून येताना रिक्षात तो एकदम म्हणाला, "जेजुरी, दौंडज, वाल्हा, नीरा, लोणंद." क्रम अचूक. दिवाळीला गाडीतून जाताना पाट्या बघितल्या होत्या त्याने. अजून "बाबा" अशी हाक त्याने मला मारलेली नाही, पण मिरजेची वाट त्याला पाठ आहे.

बाबा, जानेवारीत कोयनेने या. तुमचं जुनं वेळापत्रक, ते फाटक्या पाठीचं, बरोबर आणा. त्याच्याशी काय बोलावं कळत नाही म्हणता ना, तर स्टेशनं वाचा, एक तुम्ही, एक तो. कुकरची शिट्टी होणार असली की आधी सांगायचं, मग तो कान दाबून तयार राहतो, एवढंच लक्षात ठेवा.

आई, तू पत्र वाचून मला फोन करशील, तो नको करूस. मुग्धाला कर. ती साडेसहाला बँकेतून येते, चहा घेऊन होईपर्यंत सात वाजतात. सातनंतर कर.

तुमचा,
निखिल