वर्तुळ काढून चालण्याचे अंतर कळत नाही

महोदय,
मेट्रो स्थानकाभोवती 500 मीटरचे वर्तुळ काढून आतल्या सगळ्यांना ‘चालत येणारे’ धरणे चूक आहे. पुण्याचे डेक्कन जिमखाना स्थानक मुठेच्या काठावर. पलीकडची पेठ वर्तुळात बसते, पण माणूस पुलावरूनच येणार ना? अगदी काटकोनी गल्ल्यांच्या शहरातही 500 मीटर चालून वर्तुळाचा जेमतेम 64 टक्के भाग गाठता येतो.

खरे अंतर काढायला क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर आणि ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा, दोन्ही फुकट आहेत. नकाशा आधी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या 43 उत्तर विभागात (पुणे त्यातच येते) आणावा, नाहीतर मोजमाप मीटरऐवजी अंशांत होते. मग स्थानकाच्या मध्यबिंदूपासून नव्हे, प्रत्येक जिन्याच्या पायथ्यापासून रस्त्यारस्त्याने अंतर काढावे. बोळ आणि पादचारी पूल प्रत्यक्ष फिरून तपासावेत. नकाशात दोन रस्त्यांमधला एक सांधा सुटला, तरी अख्खी वस्ती तुटलेली दिसते.

– एक नगररचना अभ्यासक, पुणे