सोमवारी मी रत्नागिरीला जाणार आहे

राजापूर,
नागपंचमीच्या आदल्या दिवशी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगावं म्हणून दोनदा तुझा नंबर लावला. पण तुझा आवाज ऐकला की "जेवलास का"च्या पुढे माझी गाडी जात नाही, म्हणून कागद घेतला. सोमवारी मी रत्नागिरीला विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस द्यायला जाणार आहे. माझ्या लग्नाची. ती नोटीस तीस दिवस तिथल्या फळ्यावर लागलेली असते, आणि राजापूरची माणसं कोर्टकचेरीच्या कामाला रत्नागिरीला सारखी जात असतात. तुला ही गोष्ट मामाकडून किंवा कुणाच्या मोबाइलवरून कळायला नको. माझ्याकडूनच कळायला हवी.

1983 साली मी एकोणीस वर्षांची होते. ज्यांच्याशी लग्न करणार आहे, ते आमच्याच आळीत, वरच्या अंगाला राहायचे. त्यांचे वडील लालबागला गिरणीत होते. 82 च्या जानेवारीत संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल करत वर्ष गेलं आणि अख्खं बिऱ्हाड गावाला परत आलं. ह्यांचं कॉलेज अर्धवट सुटलं आणि ते जवाहर चौकात एका दुकानात पुड्या बांधायला लागले.

आम्ही भेटायचो ते गंगेच्या तीर्थावर. उन्हाळे गावाहून वर चढून जावं लागतं, तुला लहानपणी नेलं होतं बघ. गंगा आली, म्हणजे तिथल्या कुंडांत आपोआप पाणी उगवलं, की तिथे पाय ठेवायला जागा नसते. आधी उन्हाळ्याच्या गरम झऱ्यावर आंघोळ, मग गंगेत, मग धूतपापेश्वराला, अशी माणसांची रांगच लागते. पण ती यायची तीनेक वर्षांनी, दोन-तीन महिने राहायची आणि निघून जायची. एरवी चौदाही कुंडं कोरडी, तिकडे कुणी फिरकत नाही. आम्हाला तेच हवं होतं. काशीकुंडाच्या काठावर मध्ये चार हात अंतर ठेवून बसायचो आणि संपाबद्दल बोलायचो. दुसरं काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला तो एकदाच, शेवटच्या दिवशी.

आजोबांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. "ज्या घराची चूल कशी पेटेल हे माहीत नाही, तिथे मुलगी द्यायची नाही," एवढंच म्हणाले. तीन महिन्यांत तुझ्या बाबांचं स्थळ आलं. रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपात कायमची नोकरी, डोंबिवलीत स्वतःची खोली. मी हो म्हटलं. माझ्यावर जबरदस्ती झाली असं मी कधीच म्हणणार नाही. मी घाबरले होते, हे मात्र खरं.

आणि सोनू, हे नीट वाच. तुझ्या बाबांबरोबर मी सुखात होते. मनात एक आणि घरात एक असा संसार मी केला नाही. टायफॉइडमध्ये तेरा रात्री ते माझ्या उशाशी बसले होते, हे तू पाहिलंयस. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली तरी अजून संध्याकाळी सहा वीसच्या सुमाराला माझे कान दाराकडे लागतात.

मे महिन्यात मी इथे आले ती पंधरा दिवसांत कौलं परतून घेऊन निघायचं म्हणून. मग पाऊस लागला आणि राहिलेच. जुलैत अर्जुना आणि कोदवली दोन्ही नद्या चढल्या, पाणी जवाहर चौकाकडे सरकायला लागलं. दर पावसाळ्यात होतं ते. बाजारात एकच पळापळ. सगळे दुकानातला माल माळ्यावर चढवत होते. ह्यांचं आता वह्या-पुस्तकांचं स्वतःचं दुकान आहे. मी भाजी घ्यायला गेले होते, पिशवी खुंटीला टांगली आणि रांगेत उभी राहिले. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गठ्ठे चालले होते. घोट्याएवढं पाणी, गढूळ, चपला वाहून चाललेल्या. ते शिडीवर होते. माझ्या हातातला गठ्ठा घेताना त्यांनी खाली पाहिलं आणि मला माझ्या माहेरच्या नावानं हाक मारली.

ते नाव तू कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाहीस. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि जुनं संपलं. आई-आप्पा गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. मी तिथेच, त्या पाण्यात, रडले. लोकांना वाटलं पाण्याला घाबरले.

त्यांची पत्नी 2021 मध्ये गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी तिचं सगळं स्वतःच्या हातांनी केलं, हे आळीतल्या बायकांनी मला सांगितलं, त्यांनी नाही. मुलगी चिपळूणला दिलेली आहे. तिला त्यांनी मागच्या आठवड्यात सांगितलं. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "बाबा, त्यांना खोबऱ्याच्या वड्या आवडतात का?"

तू म्हणशील, मग तसेच सोबतीला राहा, नोंदणी कशाला? लग्न केलं की रेल्वेची फॅमिली पेन्शन बंद होते, हे मला ठाऊक आहे. मी दोन रात्री वहीत हिशेब मांडला. जाऊ दे. एकसष्टाव्या वर्षी चार हात अंतर ठेवून बसायचं नाहीये मला. माझ्या हातची शिवणाची कामं आहेत, आंब्याची दहा कलमं आहेत, भागेल. डोंबिवलीचं घर बाबांनी तुझ्यासाठी घेतलं होतं, ते तुझंच राहील. तसा कागद मी आधीच करून ठेवला आहे.

बाबांचा फोटो देवघराशेजारी आहे. मी तो आतल्या खोलीत न्यावा का, असं एकदा ह्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "हलवायचा नाही." त्या दिवशी माझं नक्की झालं.

गणपतीला तुम्ही दोघं येताच आहात. तेव्हा त्यांना आरतीला बोलवावं असं माझ्या मनात आहे. लग्न पितृपक्ष सरल्यावर, नवरात्रात. तू यावंस असं मला फार वाटतं. त्यांचं नाव मुद्दामच या कागदावर लिहीत नाही, तुला पडवीत समोर बसवून सांगायचं आहे. सूनबाईला हे पत्र तूच वाचून दाखव.

वाचून झाल्या झाल्या फोन करू नकोस. दोन दिवस जाऊ देत. राग आला असेल तर रागातच कर, पण कर.

तुझी,
आई