हवालदारकाका, तुमचे जाहीर आभार

आदरणीय हवालदारकाका,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नाव नाही. पण माझ्या कादंबरीला केलेल्या मदतीचे आभार चारचौघांतच मानणार, तिथं तुमची हरकत चालणार नाही.

तळेगाव दाभाडेच्या सतीश शेट्टींचा 13 जानेवारी 2010 ला, सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. जमिनींचे घोटाळे माहिती अधिकारातून बाहेर काढणारा माणूस. तेव्हापासून हा विषय डोक्यात ठाण मांडून होता. माझ्या कादंबरीतला माणूस ते नव्हेत. त्याचं प्रेत गावच्या विहिरीत सापडतं आणि धागा आमदाराच्या बंगल्यापर्यंत जातो.

माहितीसाठी ज्यांचे उंबरे झिजवले, त्यांची तऱ्हा काय सांगावी! एका साहेबांनी "बाईमाणसानं कौटुंबिक लिहावं" असा सल्ला दिला आणि बोलता बोलता चहाचा कप माझ्याच पानांवर ठेवला. डाग अजून आहे.

तुम्ही अख्खं बाड ठेवून घेतलंत. परत दिलंत तेव्हा त्याला खाकी कव्हर होतं, कोपरे नीट दुमडलेले, वर लेबल, आणि लेबलावर तुमच्या त्या ठाशीव अक्षरात कादंबरीचं नाव. सूनबाई म्हणाल्या, "नातवाच्या वह्यांनासुद्धा कधी घातलं नाही हो यांनी!" काका, रिक्षात बसल्यावर मला रडू आवरेना. रिक्षावाला बिचारा घाबरला. माझ्या लिखाणाला तोवर कुणी इतकं जपून हात लावला नव्हता.

आत पेन्सिलीच्या खुणा. विहिरीच्या पंचनाम्यापाशी दोनच शब्द : "चपला कुठे?" पाय घसरून पडलेल्याच्या चपला काठावर जोडीनं कशा राहतील? माझ्या इन्स्पेक्टरचा सगळा तपास आता तिथून सुरू होतो. आणि तुमचं ते बोलणं : "असली प्रकरणं गुन्हा दाखल झाल्यावर दाबत नाहीत ताई, त्याच्या आधीच दाबतात. अकस्मात मृत्यूची नोंद केली की खुनाच्या कलमाचा प्रश्नच मिटला. तुम्ही माणूस कधी मेला ते नंतर बघा, सातबाऱ्यावरचं नाव बदलणारा फेरफार कधी मंजूर झाला ते आधी बघा." नोटीस, हरकतीचे 15 दिवस, तलाठी, मंडळ अधिकारी ही रुक्ष साखळी तुम्ही अशी उलगडलीत, की खुनाची तारीख आपोआप ठरली.

पोलीस खात्यावर मी पुस्तकभर कोरडे ओढलेत. ज्या खात्यात तुमची उभी हयात गेली त्याच्याबद्दलची एकही ओळ तुम्ही गाळायला सांगितली नाहीत. एका ठिकाणी तर "हे कमीच लिहिलंय" असा शेरा! खुर्ची गेली तरी तोरा न सुटलेले पुष्कळ पाहिले. खुर्ची असतानाही सरळ वागलेला माणूस कसा असतो, ते तुमच्या ओट्यावर बसून कळलं.

पुस्तक छापखान्यात गेलंय. दोन प्रती पाठवते, एक सूनबाईंना. खुनी कोण ते त्यांना आधीच सांगून टाकू नका.

तुमची,
ताई