राणी सापडली!

2 ऑगस्ट

प्रिय शुभे,

तुझं मार्चमधलं पत्र अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे. हवं तेवढं रागव, पण आधी ऐक. मला राणी सापडली गं! मुंगळ्याची. घरात सांगितलं तर ह्यांनी "बरं" म्हणून पेपर उलटला. म्हणून तुला लिहायला बसले.

मृग लागल्यावर दुसऱ्याच रात्री पोर्चच्या दिव्याखाली पंखवाल्या किड्यांचा खच पडला होता. बहुतेक वाळवीच. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर म्हणून नाही. झाडू मारता मारता एक काळीभोर बाई भिंतीच्या कडेने चाललेली दिसली. कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या. पंख नव्हते, पण भिंगातून पाहिलं तर ते तुटल्याच्या खुणा होत्या. छातीचा भाग साध्या मुंगळ्याचा कधीच नसतो इतका फुगीर, आणि कपाळावर तीन बारीक डोळे जादा. पट्टीवर 17 मिलिमीटर भरली. माझे हात कापत होते.

हॉर्लिक्सची बाटली आठवली ना? साखरेचं पाणी पाजून तू राणी मारलीस म्हणून मी तीन आठवडे तुझ्याशी बोलले नव्हते. तू म्हणायचीस, मी बाटली उन्हात ठेवली. अगं, या मुंगळ्यांची राणी एकटी असताना काही खातच नाही! पंख गळाले की ते हलवणारे स्नायू आतल्या आत विरघळतात. त्यांवर आणि अंगच्या चरबीवर ती पहिली पिलं पोसते. तिला हवा असतो अंधार, ओल आणि निवांतपणा, आणि आपण दिवसातून वीसदा झाकण उघडायचो. तुझी साखर मी आज माफ केली. उन्हाचं मात्र मी अजूनही कबूल करणार नाही!

शाळेच्या प्रयोगशाळेतून परीक्षानळी मागून आणली. तळाशी तिसरा हिस्सा पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, मग तोंडाला दुसरा बोळा. पाचव्या दिवशी सहा अंडी दिसली, खसखशीएवढी. एकत्र चिकटलेली, आणि ती त्यांना सतत चाटत होती. मी रोज रात्री टॉर्च लावून बघायचे. तेराव्या दिवशी बघते तर एकही नाही. खाल्ली तिने. सारखा धक्का, सारखा उजेड, मग काय करेल ती? शुभे, मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. तीच चूक, चाळीस वर्षांनी.

तेव्हापासून नळी लाल जिलेटीन कागदात गुंडाळून कपाटात, साड्यांच्या मागे. फक्त रविवारी बघते. पुन्हा अंडी झाली, अळ्या झाल्या, आता चार कोश आहेत, फिकट बदामी, तांदळाच्या दाण्यांसारखे.

पण झोप लागत नाही ती पुढच्या गोष्टीने. कधी कधी मिलन न होताच राणी पंख टाकते. तशा राणीच्या अंड्यांतून फक्त नर निघतात, आणि नर काही काम करत नाहीत. मग तिला भरवणार कोण? बाहेरून बघून काही कळत नाही. मिलन झालं असेल, तर त्या एका उड्डाणात साठवलेलं वीर्य तिला जन्मभर पुरतं. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसांनी पाळून 28 वर्षं जगली होती. 28, शुभे! आपण तेव्हा 82 च्या असू.

शेजारच्या काकू म्हणतात, सोडून दे बिचारीला. कुठे सोडू? बेडूक, पाली, दुसऱ्या वारुळांच्या मुंग्या, एकट्या राणीला बाहेर कोण जगू देतंय? तू असतीस तर काय केलं असतंस, ते खरं खरं लिही.

माझा गुडघा ठीक. आईचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं, चांगलं दिसतंय तिला. ऋताचं ठरलं म्हणे? मुलगा कसा आहे, काय करतो? नागपूरला पाऊस आहे का, गच्ची गळायची थांबली का? सगळं सविस्तर लिही.

कोश राणी स्वतः दातांनी फाडते आणि आतल्या पोरीला बाहेर काढते. पहिल्या खेपेच्या पोरी अगदी चिमुकल्या असतात. काल एक कोश जरा काळपट वाटला. पोरगीच निघाली तर लगेच फोन करीन. रात्री दोन वाजता केला तरी उचल.

तुझी,
विदू